मावशीचा जबाब

साक्री,
९ फेब्रुवारी २०२४

अक्का,

पत्र पाहून तुला नवल वाटेल. ऋतिकाचा फोन पोलिसांनी तपासासाठी ठेवून घेतला आहे. माझ्या फोनवर कोण कोण अनोळखी माणसं बोलायला लागली, एक जण तर नुसता हसायचा, म्हणून माझ्या धाकट्या दिरांनी, भटूभाऊंनी, सिमकार्डच काढून ठेवलं. आणि पोलीस ठाण्यात लताबाई म्हणून एक हवालदार आहेत, त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की केसबद्दल फोनवर कोणाशी बोलू नका, रेकॉर्ड करतात. म्हणून लिहायला बसले. लहानपणी सोनगीरला असताना तू माझे निबंध तपासायचीस. आता चुका तशाच राहू दे.

पोरगी जेवढं बोलली तेवढं लिहिते. काही कमीजास्त असेल तर तू सांग, कारण कॉलेजसाठी ती तुझ्याच घरी राहत होती. १२ जानेवारी, शुक्रवार. गॅदरिंगची तालीम चारला संपली. कॉलेजच्या गेटवर संस्थेचे चेअरमन बन्सीलाल आबा यांचा मुलगा भूषण आणि त्याचा मित्र गाडी घेऊन उभे होते. सोडतो म्हणाले. बरोबरची मुलगी वाटेत तिच्या घरी उतरली. ऋतिकाला तुझ्याकडे सोडण्याऐवजी गाडी गावाबाहेर केळीच्या बागेतल्या त्यांच्या फार्महाऊसवर गेली. भूषणने काय केलं ते माझ्या हाताने लिहवत नाही. मित्र दारात उभा होता. सातला ती रिक्षाने तुझ्या दारात आली आणि तिने तुला सगळं सांगितलं.

अक्का, तुझे उपकार मी कुठे फेडू? तू तिला आंघोळ घातलीस, कपडे धुतलेस, चार घास खाऊ घातलेस. आईचं ऑपरेशन नुकतंच झालंय, चार दिवस थांब, असं तू तिला म्हणालीस. तेव्हाही तुला माझीच काळजी होती. पण तिला राहवलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने शेजारणीच्या फोनवरून मला बोलावलं आणि आम्ही तक्रार दिली.

आता ठाण्यातले साहेब विचारतात, तीन दिवस का लावले? मी सांगितलं, मावशीला विचारा, तिला सगळं माहीत आहे. तुझा जबाब झाला असं कळलं. काय काय विचारलं? तू सगळं सांगितलंच असशील, तरी दोन ओळी लिही. ऋतिका दिवसभर अंगणात फेऱ्या मारते. सासूबाई काल तिला म्हणाल्या, "बठ्ठं गावले माहीत शे. आते घाबरानं कसाले?" गावाला कळलंच आहे तर भीती कशाची, हे ऐकून जरा थांबली.

तुझी,
रत्ना


जळगाव,
२१ फेब्रुवारी २०२४

प्रिय रत्ना,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलं. ह्यांच्या हाती लागलं तर ह्यांची झोप उडेल. आधीच उडालेली आहे.

जबाबाचं विचारलंस. स्वतः साहेब घरी आले होते. हे शेजारी बसले होते. जे विचारलं तेवढं सांगितलं. अशा वेळी माणसाला काय आठवतं, काय नाही, ते आपल्या हातात नसतं. तू त्याचा विचार करू नकोस.

एक गोष्ट लिहायची आहे आणि ती कशी लिहावी ते कळत नाही. परवा संस्थेचे सेक्रेटरी घरी आले. ज्या संस्थेचं ते कॉलेज, तिच्याच शाळेत हे तेवीस वर्षं शिकवतात, हे तुला माहीतच आहे. सेक्रेटरी म्हणाले, आबांना मुलीबद्दल वाईट वाटतं. नाशिकला चांगल्या कॉलेजात प्रवेश, वसतिगृह, पुढे नोकरीसुद्धा ते बघतील. फक्त गैरसमजातून तक्रार झाली असं ऋतिकाने लिहून द्यावं. मी नुसती निरोप पोचवते आहे. पण रत्ना, शांत डोक्याने विचार कर. भूषण अटकेच्या दुसऱ्याच दिवशी छातीत दुखतं म्हणून हॉस्पिटलात गेला तो अजून तिथेच आहे, स्वतंत्र खोलीत. अशा माणसांशी आपण किती वर्षं लढणार? कोर्टात मुलीला काय काय विचारतात ते मी ऐकून आहे. तिचं सगळं आयुष्य पुढे आहे.

तुझी तब्येत सांभाळ. ऑपरेशननंतर वजन उचलू नकोस.

तुझी,
कोकिळा


साक्री,
१२ मार्च २०२४

अक्का,

तुझा निरोप ऋतिकाला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आई, मावशीला म्हणावं, मला माझ्याच कॉलेजात जायचं होतं." एवढंच.

गुरुवारी भूषणला जामीन झाला. आम्ही दोघं पहाटेच्या गाडीने आलो होतो. तुझ्याकडे यावंसं वाटलं, पण भाऊजींना अडचण नको म्हणून आलो नाही. त्यांच्या बाजूने मुंबईचे वकील होते, हाताखाली तीन जण. आपल्या सरकारी वकीलबाईंच्या हातात त्या दिवशी सहा केसेस होत्या. मुंबईच्या वकिलांनी सांगितलं, मुलगा हुशार आहे, शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आहे, घराणं प्रतिष्ठित आहे, तो कुठे पळून जाणार नाही. न्यायाधीश साहेबांनी तेच सगळं आदेशात लिहिलं. वकीलबाईंनी आम्हाला मराठीत सांगितलं की, तरुण मुलाच्या भवितव्याचा विचार करणं आवश्यक आहे, असं त्यात आहे.

ऋतिकाचे बाबा बस स्टँडवर उसाचा रस घेताना म्हणाले, "साहेबले त्यानी परीक्षा दिसनी. आपली पोरनी परीक्षा कोठे गई?" आणि ग्लास तसाच ठेवून उठले. कारण आदल्याच दिवशी कॉलेजचं पत्र आलं होतं. ऋतिकाची हजेरी कमी भरते, तिला परीक्षेला बसता येणार नाही. सही प्राचार्यांची आहे.

आपल्याकडे एक तू आहेस, अक्का. वकीलबाई म्हणाल्या, घटनेनंतर मुलीने सगळ्यात आधी कोणाला सांगितलं त्याला फार महत्त्व असतं. मी म्हटलं, माझ्या बहिणीला सांगितलं. ती साक्षीला येईल. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढची फाईल उघडली. घाईत होत्या.

तुझी,
रत्ना


जळगाव,
२८ मार्च २०२४

रत्ना,

घाईत लिहिते. ह्यांना शाळेत पर्यवेक्षक केलं आहे, त्यामुळे येणंजाणं वाढलं. ब्लडप्रेशरही वाढलं आहे. काही दिवस पत्र पाठवू नकोस. तारखेला आलात तरी घरी येऊ नका, लोक लक्ष ठेवतात. ऋतिकाला माझे आशीर्वाद सांग.

कोकिळा


साक्री,
३ जुलै २०२४

कोकिळाबाई यांस,

आरोपपत्राची नक्कल मिळाली. भटूभाऊंनी ती ओसरीवर बसून आम्हाला वाचून दाखवली. सत्तावन्न नंबरच्या पानावर तुमचा जबाब आहे. तुम्हाला आठवत नसेल म्हणून उतरवून पाठवते.

"ऋतिका ही सायंकाळी सात वाजता नेहमीप्रमाणे घरी आली. जेवली व टीव्ही पाहिला. तिने मला काहीएक सांगितले नाही. कपडे रोजच्या धुण्यात धुतले. सदर मुलासोबत तिचे बोलणे होते असे मी ऐकून आहे."

भटूभाऊ इथे थांबले. मला वाटलं, दुसऱ्या कोणाचा जबाब चुकून वाचला. मी म्हटलं, पुन्हा वाचा. ऋतिका उंबऱ्यावर बसली होती. ती म्हणाली, "नको. बरोबर वाचलंय." तिला माहीत होतं. पोलिसांनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की तुझी मावशी असं म्हणते. सहा महिने तिने मला सांगितलं नाही, कारण मी रोज तुमचं नाव घेऊन धीर धरत होते.

मी तुमचे उपकार मानले होते. ते पत्र परत पाठवा.

भाऊजींना पर्यवेक्षक केल्याचं कळवलं होतंत. अभिनंदन करायचं राहिलं होतं.

रत्ना जीवराम


जळगाव,
१७ ऑगस्ट २०२५

रत्ना,

वर्षभराने लिहिते आहे. वाचशील की चुलीत टाकशील, माहीत नाही. तू मागितलेलं पत्र मी पाठवलं नाही, कारण ते हातातून सुटत नव्हतं.

मी खोटं बोलले. ऋतिका दारात आली तेव्हा तिच्या एका पायात चप्पल नव्हती. ती स्वयंपाकघरात फरशीवर बसली आणि तिने मला नावानिशी सगळं सांगितलं. मी आधी ह्यांना फोन केला. हे म्हणाले, कोणाला बोलू नकोस, मी आलो. ते आले तेव्हा मी कपडे भिजत घातले होते. तेव्हा मला पुरावा वगैरे काही सुचलं नव्हतं, एवढं तरी खरं मान. ते कपडे तिच्या डोळ्यांसमोरून न्यावेत, एवढंच मनात होतं. पण दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला समजावलं, आणि तिसऱ्या दिवशी मला सगळं कळत होतं. तुझं ऑपरेशन मी निमित्त म्हणून पुढे केलं. जबाब देताना हे शेजारी होते, पण माझं तोंड कोणी धरलं नव्हतं. "बोलणं होतं असे ऐकून आहे" हे वाक्य साहेबांनी सुचवलं आणि मी मान हलवली.

मग आता का लिहितेस, असं विचारशील. गेल्या महिन्यात ऋतिकाची साक्ष झाली. बंद दालनात झाली, बाहेर एक शब्द जायला नको. पण चार दिवसांनी हे शाळेतून आले ते जेवले नाहीत. शिक्षकांच्या खोलीत संस्थेचा एक माणूस उलटतपासणी रंगवून सांगत होता. वकिलांनी तिला विचारलं, मावशीला सांगितलं म्हणतेस, मग मावशी का नाही म्हणते? आणि माझा जबाब मोठ्याने वाचला. ऋतिका म्हणाली, "मी सांगितलं होतं." वकिलांनी चार वेळा विचारलं. चारही वेळा तिने तेवढंच म्हटलं. तो माणूस तिचा आवाज काढून दाखवत होता, रत्ना. खोलीत सगळे हसले. हेही हसले, असं ह्यांनीच मला सांगितलं. सांगून झाल्यावर मोरीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

परवा पंधरा ऑगस्टला झेंडावंदन भूषणच्या हस्ते झालं. तो आता संस्थेचा संचालक आहे. हार घालायचं काम पर्यवेक्षकांचं. मी पालकांच्या रांगेत उभी होते.

काल मी ह्यांना न सांगता सरकारी वकीलबाईंकडे गेले. त्या मला साक्षीदारांतून वगळणार होत्या. मी म्हटलं, वगळू नका, मी खरं सांगेन. त्या म्हणाल्या, पहिला जबाब तुमच्याच तोंडावर मारतील, आणि फायदा होईलच असं नाही. बोलायचं तर दीड वर्षापूर्वी, त्या तीन दिवसांतच बोलायला हवं होतं, असंही म्हणाल्या. मी ऐकून घेतलं. ९ सप्टेंबरची तारीख आहे.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.

कोकिळा


साक्री,
२३ ऑगस्ट २०२५

पत्र मिळालं. ऋतिकाला दिलं. तिने वाचून घडी घातली आणि अभ्यासाला बसली. तिने धुळ्याच्या कॉलेजात पुन्हा नाव घातलं आहे.

९ तारखेला मी बाहेरच्या बाकावर असेन. साक्ष द्या. माझ्याशी बोलू नका.

रत्ना


जळगाव,
२१ सप्टेंबर २०२५

रत्ना,

तू बाकावर होतीस. मी समोरून गेले तेव्हा तू पाय आत घेतलेस, बस तेवढंच. आत काय झालं ते तुला कोणी सांगितलं असेल की नाही, म्हणून लिहिते.

आत मोजकीच माणसं होती. न्यायाधीश, वकील, टंकलेखक, भूषण आणि त्याचा मित्र. सगळ्यात मागे ऋतिका लताबाईंजवळ. वकीलबाईंनी विचारलं आणि मी त्या संध्याकाळचं सगळं सांगितलं, चपलेपासून. कपडे मी धुतले, थांब मी म्हटलं, हेही सांगितलं. भूषण आतापर्यंत नखं बघत होता, त्याने तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं.

मग मुंबईचे वकील उठले. फार सौम्य बोलतात. पहिला जबाब वाचून दाखवला आणि विचारलं, "बाई, खोटं तेव्हा बोललात की आता?"

"तेव्हा."

"आम्ही ते कशावरून मानायचं?"

मी म्हटलं, "तेव्हाच्या बोलण्यात माझा फायदा होता. आता नाही."

मग त्यांनी सांगितलं की माझ्या नवऱ्याला बढती मिळाली नाही म्हणून मी सूड घेते आहे. मी म्हटलं, बढती मिळाली, जबाबानंतर अडीच महिन्यांत. न्यायाधीशांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. वकिलांनी तो विषय सोडला. पण पुढे तासभर त्यांनी मला पिंजून काढलं. भाचीवर माया होती तर डॉक्टरकडे का नेलं नाही? आईला फोन का केला नाही? दीड वर्ष शांत कशा राहिलात?  मी प्रत्येक वेळी खरं तेच सांगितलं, की भ्याले. शेवटी शेवटी तो शब्द माझा मलाच ऐकू येईना.

घरी आले तेव्हा ह्यांना कळलेलं होतं. रागावले नाहीत. म्हणाले, "मला सांगून जायचं होतंस." मी म्हटलं, सांगितलं असतं तर गेले नसते. आठ दिवसांत ह्यांचं पर्यवेक्षकपद गेलं आणि वरणगावच्या पुढे एका शाखेवर बदली झाली. रोज सकाळी डबा घेऊन बस पकडतात. आमचं कामापुरतंच बोलणं होतं. गल्लीत बायका दळण घेऊन जाताना माझ्या दारापाशी आवाज खाली करतात.

ह्यातलं काही तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. कळावं म्हणून लिहिलं.

कोकिळा


धुळे,
८ फेब्रुवारी २०२६

मावशी,

आई लिहिणार नाही म्हणून मी लिहिते आहे. निकाल लागला, ते तुला कळलंच असेल. फटाके तुझ्या घरापर्यंत ऐकू आले असतील. कॉलेजच्या गेटवर "सत्याचा विजय" असा फलक लावलाय, माझ्या मैत्रिणीने फोटो पाठवला.

दोघंही सुटले. निकालपत्र इंग्रजीत आहे, मी दोन रात्री बसून वाचलं. मुलगी खोटं बोलते असं त्यात कुठेही नाही. संशयाचा फायदा दिला आहे, आणि संशयाची कारणं तीन दिली आहेत. तक्रारीला तीन दिवसांचा उशीर. धुतलेले कपडे. आणि मावशीचे दोन उलटसुलट जबाब, त्यामुळे त्यातल्या कोणत्याच जबाबावर विसंबता येत नाही. मावशी, तिन्ही कारणं तुझ्या घरातली आहेत.

हे मी रागाने लिहीत नाही, म्हणजे राग आहे, पण त्यासाठी लिहीत नाही. तुला कोणीतरी नीट सांगायला हवं होतं. वकीलबाईंनी आईला आडून आडून सांगितलं, आणि आईला वाटतंय की तू साक्ष दिलीस म्हणूनच सगळं बिघडलं, आधीचा खोटा जबाब एकटाच राहिला असता तर बरं झालं असतं. तिला मी समजावलं की तसं नाही. तो एकटाच राहिला असता तर मी खोटी ठरले असते. आता मी खोटी ठरलेली नाही. मला न्यायही मिळालेला नाही. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी उभी आहे आणि रोज सकाळी कॉलेजला जाते. फार्मसीचं हे शेवटचं वर्ष. परवा प्रॅक्टिकलला माझ्या हातून बाटली फुटली. सरांनी दुसरी आणून दिली.

सरकार अपील करेल की नाही ते कळायला वेळ लागेल म्हणतात. पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याला स्वतःही अपील करता येतं, हे लताबाईंनी सांगितलं. त्या आता दुसऱ्या ठाण्यात आहेत, तरी आल्या होत्या. मी छत्रपती संभाजीनगरला हायकोर्टात एका वकीलताईंना गाठलं. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी सगळे कागद वाचले आणि म्हणाल्या, खालच्या कोर्टाने तुझा एकटीचा जबाबच पुरेसा धरायला हवा होता, त्यावर आपण भर देऊ. मावशीचा भाग कमी करू. तिचं नाव जेवढं येईल तेवढं ते लोक तिचा पहिला जबाब काढतील.

बाबांना ते पटलं. आईला तर फारच पटलं. मी दोन दिवस विचार केला. बाबा म्हणाले, कशाला पुन्हा तिच्या नादी लागतेस. खरं सांगायचं तर तुझं नाव गळालं असतं तर मलाही हलकं वाटलं असतं. तू दार उघडलंस, मी आत आले, तुला सगळं सांगितलं, आणि त्यानंतरचे तीन दिवस तू माझ्यासमोर पोळ्या लाटत होतीस, हे विसरता येत नाही. अजूनही कोणी लाटणं आपटलं की मी खोलीबाहेर जाते.

पण मी ताईंना फोन करून सांगितलं, नाव राहू द्या. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, वकिलांनी मला चार वेळा विचारलं होतं आणि मी चार वेळा तेच सांगितलं होतं. ते आता सोयीचं नाही म्हणून खोडायचं नाही. त्या संध्याकाळी मी मावशीला सांगितलं होतं.

गुरुवारी अकरा वाजता ताईंच्या ऑफिसात सह्या करायच्या आहेत. आई आणि बाबा चाळीसगावमार्गे माझ्याबरोबर येतील. तुला जळगावहून सरळ गाडी आहे. आल्यावर आई तुझ्याशी बोलणार नाही, आणि मी काय बोलेन ते मला ठाऊक नाही. तरी ये.

ऋतिका